नसलेल्या हाताची मूठ

"मॅडम, ते पाणी होतं," सिद्धम्मा सिस्टर म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. सकाळच्या चहाच्या वेळी औषधांच्या कपाटाला टेकून, बशीत चहा ओतता ओतता माणूस जसं काहीबाही सांगतं, तसं तिनं सांगितलं होतं. खिडकीजवळच्या कॉटवरच्या शिवपुत्रला काल संध्याकाळी जे इंजेक्शन दिलं, त्यात औषध नव्हतंच. नुसतं पाणी होतं. मोठ्या सरांनी तसं सांगितलं होतं. आणि गंमत म्हणजे पेशंटला लगेच बरं वाटलं, शांत झोपलासुद्धा. "वरनं मला म्हणतो कसा, मॅडमना सांगा, लई गुण आला." आणि डॉ. चैतालीच्या लक्षात आलं की आपणही हसलो आहोत. समोरचा हसला की तोंड आपलं आपण हसतं, तसं. तिनं कप ठेवला, बेसिनपाशी जाऊन उगीचच हात धुतले. ते हसू गालात अजून बसलेलं होतं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं. जीभ फिरवली तरी निघत नव्हतं.

"माझं नाव सांगून दिलं?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"तुमचंच की. चैताली मॅडमनी नवीन औषध पाठवलंय म्हणून सांग, म्हणाले सर. तुमच्यावर लई भरवसा हाय न्हवं त्याचा."

भरवसा. हा शब्द ऐकून तिला आधी आठवला तो एक टॉवेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिवपुत्र ज्या कारखान्यात कामाला होता, तिथंच विणलेला, पांढरा, निळ्या काठाचा. रोलरमध्ये सापडलेला उजवा हात त्यात गुंडाळून बरोबरच्या कामगारांनी त्याला आणलं होतं. चैताली भूल देणारी डॉक्टर. टेबलावर झोपवलेल्या माणसाशी ती बोलत असे, ही तिची सवय सगळ्या हॉस्पिटलला माहीत होती आणि थोडी चेष्टेचीही झाली होती. आता सुई टोचेल. आता हातातून काहीतरी गार वर चढल्यासारखं वाटेल. आता मी तुम्हाला झोपवणार, आणि जागं व्हाल तेव्हा मी इथंच असेन. भूल द्यायची ती सांगून, एवढं एकच तिनं स्वतःशी ठरवून टाकलेलं होतं. न सांगता दिली तर त्या शब्दाचा दुसराच अर्थ उरतो, असं तिला वाटायचं. त्या दिवशी शिवपुत्रनं टेबलावरून विचारलं होतं, "हात काढणार का?" कुणी म्हणालं बघू, कुणी म्हणालं तू डोळे मीट. त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिनं सांगितलं, "हो, काढावा लागणार. कोपर वाचवायचा प्रयत्न सर करणार आहेत." त्यानं काही क्षण छताकडं बघितलं, मग म्हणाला, "बरं." भरवसा असलाच तर त्या 'बरं'मध्ये होता. त्याच जोरावर ती गेले कितीतरी दिवस त्याच्या कॉटशी रोज संध्याकाळी बसत होती, कारण जखम भरून आली तरी हात दुखायचा थांबला नव्हता. म्हणजे जो हात आता नव्हता, तो.

"मूठ वळलीया बघा," तो सांगायचा, आणि डावा हात मिटून दाखवायचा. "आंगठा आत. नखं तळव्यात रुततात. उघडाया बघतो, उघडतच न्हाय. कशी उघडणार? हातच न्हाय तर उघडू काय?" असं म्हणून स्वतःच ओशाळायचा, जणू दुखण्यानं त्याला चारचौघांत खोटं पाडलं होतं. त्याच्या गावाहून, दुधनीहून, आलेले पाहुणे म्हणाले, कापलेला हात मूठ मिटलेलाच पुरला असणार, तो उकरून बोटं सरळ करायला पाहिजेत. त्याची बायको अक्कम्मा ते खरं मानून दोन दिवस ज्याला त्याला विचारत फिरली होती, हात कुठं टाकला म्हणून. चैतालीनं तिला बसवून समजावलं होतं की हात गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते, आणि दुखतं ते तिथं. म्हणजे खरंच दुखतं. अक्कम्मानं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला कानडीत सांगितलं. काय सांगितलं ते चैतालीला कळलं नाही, पण 'नोवु' हा शब्द कळला. दुखणं. या वॉर्डात तिनं शिकलेला तो पहिला कानडी शब्द.

मोठे सर, डॉ. उदयसिंह, आपल्या केबिनमध्ये एक्स-रे उजेडाला धरून बघत होते. हॉस्पिटल त्यांचं, नाव त्यांचं, आणि हातही त्यांचा. तसा हात या शहरात दुसऱ्या सर्जनचा नाही असं चैतालीचं प्रामाणिक मत होतं. शिवपुत्रचं कोपर वाचलं ते त्यांच्यामुळं. त्या दिवशी घामानं निथळत ते एकेक शीर शोधत उभे होते, आणि पलीकडे उभी चैताली मनात म्हणत होती की मलाही कधी असं टेबलावर पडावं लागलं तर याच माणसाच्या हातून. म्हणून आज काय बोलायचं ते तिनं जिन्यात जुळवलं होतं आणि दारात पाऊल टाकताच विसरली होती.

"सर, काल शिवपुत्रला माझ्या नावानं पाणी दिलं."

"दिलं. गुणही आला." त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. "चिडू नका. मला बघायचं होतं, बघितलं. हात नाही, पण हात दुखतो. औषध नाही, पण औषधाचा गुण येतो. मग रोज ते कडक इंजेक्शन कशाला? चटक लागली तर दुधनीत त्याला कोण देणार आहे?"

"चटक लागायची काळजी मलाही आहे. त्यासाठी दुसऱ्या गोळ्या सुरू केल्यात, इंजेक्शन कमी करत आणतेय. पण पाण्यानं बरं वाटलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मी खोटं म्हणतच नाही. ज्यानं बरं वाटतं ते द्या, एवढंच म्हणतो. पाण्यानं कुणाचं वाकडं झालंय?"

"त्यानं मला विचारलं, मॅडम, काय औषध होतं, तर मी काय सांगू?"

"तो विचारणार नाही."

"मीच सांगणार आहे."

उदयसिंहांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. "सांगा. पण पुढचंही ऐकून घ्या. उद्यापासून तुम्ही खरं औषध दिलं तरी तो पाणीच समजेल. गोळी दिली तर खडू समजेल. त्याचा हात आजच्यापेक्षा जास्त दुखेल आणि तुमचं मन मात्र हलकं होईल. हे तुम्ही त्याच्यासाठी करताय की स्वतःसाठी, एवढं बघा." मग जरा थांबून, "तुमच्यासाठी नवा वेदना विभाग काढतोय, त्याचा बोर्ड रंगवायला टाकलाय. इथले डॉक्टर पाणी टोचतात असं वॉर्डभर झालं तर त्या बोर्डाखाली येऊन कोण बसेल?"

चैताली दुपारी जेवायला घरी निघाली तर ते वाक्य स्कूटरवर मागं बसल्यासारखं बरोबर आलं. ऊन असं होतं की सिग्नलला थांबलेली माणसं चादरीच्या दुकानांच्या सावलीत गाड्या तिरक्या लावून उभी होती. स्वतःसाठी की त्याच्यासाठी. सांगितलं नाही तर काय होईल? काही होणार नाही. तो बरं वाटतंय म्हणेल, सिस्टर हसेल, आणि एक दिवस तो गोळ्यांची पिशवी घेऊन घरी जाईल, तिच्या पाया पडून. आणि मग, का कोण जाणे, तिला एक लाकडी बाक आठवला. बाकाला मध्ये फट होती आणि तिच्या फ्रॉकची कड त्यात सापडायची. धाकट्या भावाच्या, दादूच्या वेळी आईला ज्या दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या व्हरांड्यातला. वडील, नवनाथ, परिवहनच्या बसवर ड्यूटीला. मावशी कुठंतरी कागद करायला गेलेली. आणि आत आईचा आवाज. तो आवाज आईचा आहे हे आधी कळलंच नव्हतं, कारण आई कधी मोठ्यानं बोलायचीही नाही. मग एक चटका बसल्यासारखा आवाज झाला. हातानं तोंडावर मारल्याचा. आणि त्यानंतर एकदम शांत. ती चपराक चैतालीला आयुष्यभर आठवत आली होती. डॉक्टर का झालीस असं कुणी विचारलं की मनात आधी तीच यायची. पण आज, या उन्हात, तिला पुढचं आठवलं. आतला आवाज थांबला तेव्हा बाकावर बसलेल्या तिला हायसं वाटलं होतं. सुटली आई, दुखायचं थांबलं, असं वाटून ती पाय हलवत बसली होती.

बुधवार पेठेतल्या घरात आई, नागूबाई, ताटावर ताट झाकून वाट बघत होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याची वाटी. चैतालीनं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून विचारलं, "आई, दादू झाला तेव्हा त्या दवाखान्यात तुला मारलं होतं ना?"

"आता मदीच काय काडलंस?" नागूबाई म्हणाली. पण पदरानं तोंड पुसून ती समोर बसली. गुडघे दुखत असणार, कारण भिंतीला हात लावून बसली. दुखतंय असं मात्र म्हणाली नाही. "मारलं व्हतं. त्याचं काय न्हाय. चापटीचा मार किती टिकतोय? पन मी गप बसले न्हवं, तवा ती नर्स दुसरीला म्हनली, बघितलं का, काय दुखत न्हवतं, उगं नाटक करत व्हती. ते राह्यलं ध्यानात. मला वाटलं, उठून सांगावं, बाई गं, भ्याले म्हनून गप बसले, दुखायचं कुटं थांबलंय? ते उलट लई वाढलं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुनी?" नागूबाई म्हणाली, आणि दह्याची वाटी तिच्याकडं सरकवली. "खा. भाकरी हातात धरून बसू नगंस."

चैताली जेवली. भूक नव्हती, पण सगळं जेवली, कारण संध्याकाळ अवघड जाणार हे तिला आता ठाऊक होतं. उदयसिंहांच्या वाक्याला उत्तर अजून सापडलं नव्हतं. बहुतेक ते म्हणतात तसंच होणार होतं, दुखणं वाढणार होतं. पण शिवपुत्रचं 'बरं वाटतंय' सगळ्यांनी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि तो पुरावा तिच्या नावानं गोळा केला होता. आपल्या शब्दांचा काय अर्थ लावला गेलाय हे न कळताच तो घरी जाणार होता, मग तिचं मन हलकं होवो की जड. हा आपल्या मनाचा प्रश्नच नाही, असं तिच्या एकाएकी लक्षात आलं, आणि त्यासरशी ती उठली.

वॉर्डात उन्हं तिरपी झाली होती. शिवपुत्र उशीला टेकून बसला होता, अक्कम्मा त्याला मोसंबी सोलून देत होती. चैतालीनं स्टूल ओढलं. "शिवपुत्र, काल तुम्हाला जे इंजेक्शन दिलं, ते औषध नव्हतं. पाणी होतं. माझं नाव सांगून दिलं. मला आज सकाळी कळलं." आपण हसलो हेही जिभेवर आलं होतं. पण ते सांगणं नुसतं स्वतःला मोकळं करणं झालं असतं. त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. तिनं ते गिळलं.

तो तिच्याकडं बघत राहिला. अक्कम्माच्या हातातली फोड तशीच राहिली. "पानी," तो म्हणाला. मग बायकोकडं वळून कानडीत काहीतरी. मग परत चैतालीकडं. "म्हंजे तुमा समद्यास्नी वाटतंय मी सोंग करतोय."

"मला तसं वाटत नाही."

"तुमाला न्हाय वाटत तर दिलं कुनी?"

"इथल्यांनी दिलं. मी इथलीच आहे."

"पानीच द्यायचं तर अक्कलकोटचं तीर्थ हाय की आमच्यापाशी!" अक्कम्मा एकदम म्हणाली. "त्यापायी दवाखाना कशाला? घरीच पाजलं असतं की!" शेजारच्या कॉटवरचे लोक वळून बघू लागले. तिला गप्प करायला शिवपुत्रनं उजवा हात उचलला. कोपरापुढचा पट्टीतला तुकडा हवेत तसाच राहिला.

"मग मला बरं का वाटलं?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता, आणि त्यात राग नव्हता, भीती होती. "सिस्टर म्हनली, आता बरं वाटंल. मी म्हनलो, वाटतंय. तुमी एवढं करताय, रोज दुखतंयच म्हनायची लाज वाटती. आन् वाटलंबी आसंल थोडं. का म्हनलो म्हनून वाटलं, काय कळंना. मी येडा हाय का मॅडम?"

"नाही. दुखत होतं तेही खरं, आणि थोडं बरं वाटलं असेल तर तेही खरं. आपल्यासाठी कुणीतरी काही करतंय, एवढ्यानंसुद्धा माणसाला आराम पडतो. त्यात खोटं फक्त आम्ही सांगितलेलं."

तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. संध्याकाळचं इंजेक्शन आणलं तर म्हणाला, "नगं." गोळी आणली तरी "नगं." दुसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर घाम होता आणि दात आवळलेले होते, आणि चैतालीला दिसलं की सर म्हणाले होते ते अक्षरशः खरं ठरलंय. सरांनीही राउंडला ते बघितलं, आणि जाताना फक्त म्हणाले, "बोर्डाचं सध्या राहू दे." तिनं मान हलवली. बोर्डाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण ते वाईट वाटणं बाहेरच्या खोलीत बसलेल्या पाहुण्यासारखं होतं, आत कामं चालूच होती. सिद्धम्माला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या नावानं यापुढं पाणी जाणार नाही. "मी तर सांगितलं ते केलं, मॅडम," सिद्धम्मा रडवेली होऊन म्हणाली. "माहीत आहे. आता मी सांगते तेही करा. त्याला जे काही द्यायचं ते त्याच्या डोळ्यासमोर फोडायचं."

आणि तसं सुरू झालं. रोज ती औषधाची काचेची कुपी हातात घेऊन यायची, ती अक्कम्माच्या हातात द्यायची, औषधाचं नाव सांगायची, यानं काय होईल, काय होणार नाही, झोप येईल, तोंड कोरडं पडेल. मग परत घेऊन समोर फोडायची, सिरिंजमध्ये भरायची आणि विचारायची, "देऊ?" "नगं." मग ती ते बेसिनमध्ये ओतून द्यायची. रागावली नाही, समजूत घातली नाही. आतून संताप यायचा, औषध वाया जाताना बघून वाटायचं, धरून टोचावं, दुखणं तरी थांबेल. तेवढ्यात स्वतःचाच हात तिला त्या व्हरांड्यापलीकडच्या हातासारखा दिसायचा आणि ती तो मागं घ्यायची. एका संध्याकाळी शिवपुत्रनं "नगं" म्हटलं नाही. त्यानं डावा हात पुढं केला आणि सुई जाईपर्यंत सिरिंजवरची नजर हलवली नाही.

त्यानंतर तिनं आरसा आणला. साधाच, पत्र्याच्या चौकटीचा. तो त्याच्या मांडीवर उभा धरून ती म्हणाली, "ही फसवणूकच आहे, पण सांगून करतेय. उरलेला उजवा हात आरशाच्या मागं ठेवा. डावा हात पुढं. आरशात डावाच हात उजवा होऊन दिसेल. मूठ वळा आणि सावकाश उघडा. मेंदूला वाटलं की उजवी मूठ उघडली, तर दुखणं कमी होईल. काहींना गुण येतो. काहींना येत नाही."

"आन् न्हाय आला तर?"

"तर नाही आला म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून आला म्हणायचं नाही."

तो बराच वेळ आरशात बघत बसला. आपला गेलेला हात असा समोर, नखांसकट, डाव्या करंगळीवरच्या जुन्या व्रणासकट बघून त्याचे डोळे भरले. अक्कम्मानं तोंड फिरवलं. मूठ वळली, उघडली. पुन्हा वळली. कपाळावर आठ्या आल्या. काही दिवस हेच चाललं, आणि रोज चैताली विचारायची आणि रोज तो सांगायचा. एकदा म्हणाला, आंगठा सुटल्यागत वाटला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, न्हाय, परत वळला. ती दोन्ही सारखंच लक्ष देऊन ऐकायची. आपल्याला आता त्याच्या 'न्हाय'ची भीती वाटत नाही, उलट त्या शब्दात पायाखाली जमीन लागते, हे तिला जाणवत होतं.

अशाच एका सकाळी उदयसिंह राउंडला आले. मागं ज्युनियर डॉक्टर, सिद्धम्मा, ट्रे. प्रत्येक कॉटशी ते क्षणभर थांबत आणि आपल्या भरदार आवाजात विचारत, "काय, बरं आहे ना?" आणि प्रत्येक कॉटवरून "व्हय सर" येत होतं. पोट दुखणारा, पाय मोडलेला, सगळे व्हय म्हणत होते. खिडकीजवळ चैताली आरसा धरून बसली होती. ती उठली नाही. उदयसिंहांनी तिच्याकडं बघितलं, आरशाकडं बघितलं, आणि सवयीनं विचारलं, "काय शिवपुत्र, बरं आहे ना?" उत्तर गृहीत धरून त्यांनी पाऊल पुढं टाकलंही.

"न्हाय सर," शिवपुत्र म्हणाला. "दुखतंय."

सिद्धम्मानं ट्रे छातीशी धरला. उदयसिंह पुढच्या कॉटपर्यंत गेलेले वळले, आणि चैतालीला त्यांच्या चेहऱ्यावर राग येताना दिसला, आणि मग, राग पुरता यायच्या आत, दुसरंच काहीतरी आलं. ऑपरेशनच्या टेबलावर शीर सापडत नसली की ते डोळे बारीक करायचे, तसं. "कुठं?" त्यांनी विचारलं.

शिवपुत्रनं आरसा बाजूला केला. डावा हात उचलून, पट्टीच्या टोकापासून वीतभर पुढं, रिकाम्या हवेत बोट ठेवलं. नेमकं ठेवलं, जरासुद्धा इकडंतिकडं न करता. "हितं. आंगठ्याच्या बुडाशी."

उदयसिंह त्या जागेकडं बघत राहिले. चैतालीनं उठून स्टूल त्यांच्याकडं सरकवलं. ते बसले नाहीत, पण पुढच्या कॉटकडंही गेले नाहीत. "कसं दुखतं?" ते म्हणाले, आणि शिवपुत्र सांगू लागला.